पेगन कॅम्पला एकट्या जाताय? आधी तंबूची जागा ठरवा

तुम्ही पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही डेट्रॉइटजवळ राहता, 'विका' (Wicca, देवी, निसर्ग आणि ऋतू यांची पूजा करणारा आधुनिक धर्म) आणि एकूणच पेगन, म्हणजे निसर्गपूजक परंपरांबद्दल काही काळ वाचताय, घरात एका फळीवर छोटी वेदी मांडली आहे, पण आजवर कुठल्या गटात गेलेल्या नाही. यंदा जूनमधल्या आठवडाभराच्या पेगन कॅम्पचं तिकीट काढलंय. नवऱ्याला यात रस नाही, म्हणून एकट्याच निघालात. धास्ती अशी की तिथे सगळे वर्षानुवर्षांचे ओळखीचे असणार आणि आपण खुर्ची टाकून कोपऱ्यात बसणार. त्यातून देवघरात गणपती-अन्नपूर्णा असलेल्या घरात वाढलेल्या बाईला ते लोक आपलं म्हणतील का? आणि जाता जाता विचारलंय, आईला काय सांगू.

मी ओहायोत राहते आणि अशा कॅम्पांच्या प्रथमोपचाराच्या तंबूत बरीच वर्षं पाळ्या करत आले आहे. तिथे पायाला फोड आलेले लोक येतात, तसे फोडाचं निमित्त करून बोलायला आलेलेही येतात. तुमचा प्रश्न मी त्या खाटेवर बसलेल्या पुष्कळ नवख्यांच्या तोंडून ऐकलाय.

त्यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. सोबत मिळेल का, ही पहिली. मिळेल, आणि पहिल्याच संध्याकाळी मिळेल. लोक बोलके असतात, खाऊ-पिऊ घालणारे असतात. बऱ्याच कॅम्पांत गेटवरचा माणूस तुमचं नाव यादीत बघून हातात पट्टी बांधतो आणि 'वेलकम होम' म्हणतो. दुसरी गोष्ट म्हणजे आपण इथले होऊ का. तिला वेळ लागतो, आणि गेटवरचं ते वाक्यच कधी कधी आड येतं. पहिल्या तासात ते ऐकून भरून येतं, तिसऱ्या दिवशी तेच आठवून रडू येतं, कारण घर म्हणतात ते अजून दिसलेलं नसतं. माझ्या अनुभवात आपलेपणा शेजारामुळे आणि कामामुळे येतो. विधी, नाच, शेकोटी यांनी तो साजरा होतो, पण सुरुवात तिथून क्वचितच होते.

तुम्ही कुठल्या कॅम्पला जाताय यावर बरंच अवलंबून आहे, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. 'पेगन स्पिरिट गॅदरिंग' असेल तर ते सेलेना फॉक्स यांच्या 'सर्कल सँक्चुअरी' या पेगन संस्थेनं 1980 मध्ये सुरू केलं, उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या आठवड्यात भरतं, आणि त्याची घडण गावासारखी आहे. रोज सकाळी सगळ्यांची बैठक, वेगवेगळ्या वस्त्या, मुलांसाठी वेगळे कार्यक्रम, प्रत्येक मोठ्या माणसाला कामाची पाळी. इतक्या वर्षांत ते विस्कॉन्सिन, ओहायो, मिसूरी, इलिनॉय असं जागा बदलत फिरलं, तरी त्याच वस्त्या दर वेळी नव्या माळावर तशाच उभ्या राहतात. 'स्टारवुड' 1981 पासूनचं. ते जुलैत असतं आणि त्याचा बाज जत्रेचा आहे: गाणी, व्याख्यानं, ढोल, शनिवारी रात्री घराएवढी होळी. मजा भरपूर, पण एकट्या नवख्या माणसाला त्यात हरवायला वेळ लागत नाही. 'रिक्लेमिंग' या पेगन परंपरेचे विचकॅम्प, म्हणजे शिबिरं, याच्या उलट. लोक कमी, आणि रोज सकाळी आठवडाभर त्याच छोट्या गटात बसायचं. बुजऱ्या माणसाला मी डोळे झाकून हेच सुचवते, कारण तिथे चौथ्या दिवशी कुणीतरी विचारतंच, काल कुठे होतीस. तुमचं तिकीट आता काढून झालंय, तर यावर फार जीव जाळू नका. फक्त कॅम्प जितका मोठा, तितका पुढचा मजकूर जास्त लागू, असं समजा.

आता तंबू. नवखी माणसं हमखास कडेला, झाडीजवळ, 'कुणाला त्रास नको' अशा जागी तंबू ठोकतात. ही सभ्यता महागात पडते. कॅम्पात ओळख होते ती येताजाता. पाण्याच्या नळाकडे जाणाऱ्या वाटेवर तंबू असेल तर दिवसातून दहा वेळा लोक समोरून जातात, आणि दुसऱ्या दिवसापासून मान हलवणं, तिसऱ्या दिवसापासून थांबणं आपोआप होतं. बहुतेक मोठ्या कॅम्पांत नावानं ओळखल्या जाणाऱ्या वस्त्या असतात: कुटुंबांची, शांतता हवी असणाऱ्यांची, दारू न पिणाऱ्यांची, समलिंगी आणि ट्रान्स मंडळींची, कुठे फक्त बायकांची. नोंदणीच्या टेबलावर विचारा, 'एकटी आलेय, कुठल्या वस्तीत नवख्यांना घेतात?' उत्तर देणाऱ्याला हा प्रश्न आवडतो, आणि बऱ्याचदा तो स्वतः उठून तुम्हाला कुणाच्या तरी हवाली करून येतो. ढोलाच्या शेकोटीपासून मात्र लांब राहा. तिथले ढोल पहाटेपर्यंत चालतात.

तंबूपेक्षा त्यासमोरचं छत महत्त्वाचं. चार खांबांची कॅनोपी, खाली एक घडीचं टेबल, आणि तुमच्या एका खुर्चीबरोबर दोन जास्तीच्या खुर्च्या. एकच खुर्ची दिसली की लोक समजतात, हिला एकटं राहायचंय. जूनमध्ये दुपारी त्या माळावर सावली ही सर्वांत मोठी श्रीमंती असते, आणि ज्याच्याकडे सावली त्याच्याकडे माणसं.

सकाळी काय करायचं तेही सांगते. दोन बर्नरच्या गॅसच्या शेगडीवर कांदेपोहे करा. थट्टा नाही करत. या कॅम्पांत कुणी व्हीगन, कुणाला गहू चालत नाही, कुणाला दूध चालत नाही, आणि बिचारे सकाळी कोरड्या ग्रॅनोला बारवर भागवतात. पोह्यांत यातलं काहीच नसतं. जाडे पोहे झिपलॉकमध्ये कोरडे न्यायचे, बर्फाची पेटी भरली-वितळली तरी ते खराब होत नाहीत. चाळणी विसरू नका, नळाखाली धरून भिजवता येतात. शेंगदाणे वेगळ्या डब्यात ठेवा आणि वाढताना विचारा, कारण दाण्याची ॲलर्जी तिथे गमतीची गोष्ट नाही. हिंग गव्हाचं पीठ नसलेला घ्या, आणि तोही बेताचा. उघड्यावर फोडणीचा वास किती लांब जातो याची आपल्याला स्वयंपाकघरात कल्पना येत नाही. पहिल्या दिवशी एखादा शेजारी डोकावेल, दुसऱ्या दिवशी तो स्वतःची ताटली घेऊन येईल आणि बरोबर कॉफीची केटली आणेल. लिंबू चिरायला सुरी मागण्यावरून झालेली मैत्री मी टिकताना पाहिली आहे.

मग कामाची पाळी. जिथे ती सक्तीची असते तिथे लोक ती उरकून टाकायच्या मागे असतात. तुम्ही उलट करा, नीट विचार करून निवडा. गेटची पाळी घेतली तर सगळ्यांचे चेहरे दिसतात, पण प्रत्येक चेहरा दोन मिनिटं. पार्किंग आणि कचरा उन्हात एकट्यानं करायची कामं, पहिल्या वर्षी नकोत. शेकोटी सांभाळणाऱ्यांची टोळी अनुभवी असते, त्यांच्यात लगेच घुसता येत नाही, पण दिवसा लाकडं वाहायला आणि रचायला त्यांना हात नेहमी हवे असतात. आणि जिथे सामाईक स्वयंपाक असेल तिथे तो पहिला. दोन तास शेजारी उभं राहून गाजरं चिरली की माणूस आपोआप बोलायला लागतं, समोरासमोर बसून 'तू कुठल्या मार्गाची' असं विचारण्यापेक्षा कितीतरी सहज. आपल्याकडे दिंडीत नवा आलेला वारकरी भजनात मागे उभा राहतो, पण भाकऱ्या थापायला किंवा पाण्याचे हंडे भरायला बसला की दिंडीचा होतो, तसंच हे आहे.

काम आणि आपलेपणा यांचं नातं सर्वांत उघडपणे बघायचं असेल तर कधीतरी पेनसिल्व्हेनियातल्या आर्टेमासच्या 'फोर क्वार्टर्स' या निसर्गपूजकांच्या जागेला जा. तिथे एक शिलावर्तुळ आहे आणि ते अजून वाढतंय. सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुट्टीत, लोक जमतात आणि कित्येक टनांची शिला लाकडी ओंडके आणि दोरखंड यांच्या जोरावर, यंत्राशिवाय, ओढत नेऊन उभी करतात. दोर धरणाऱ्यांत कोण जुना, कोण नवा हे कुणी विचारत नाही. हाक आली की ओढायचं, 'थांब' आलं की थांबायचं. मोठ्या विधीत आपण एकटे पडल्याचं नवख्यांनी मला सांगितलंय, दोर ओढताना तसं वाटल्याचं अजून कुणी सांगितलेलं नाही.

विधींबद्दल थोडंच. साधारण रीत अशी: वर्तुळ आखतात, चार दिशांना आणि चार तत्त्वांना आवाहन करतात (पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल, उत्तरेला पृथ्वी), देवदेवतांना बोलावतात, गाण्या-नाचण्यानं एक जोश चढवत नेतात, मग खाऊन-पिऊन सगळ्यांना निरोप देऊन वर्तुळ सोडतात. विधीत म्हणतात त्या कविता तोंडपाठ नसल्या तरी चालतं. वर्तुळातून मध्येच बाहेर जायचं असेल तर कडेला उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला खूण करा, तो वाट करून देईल. कुणाच्या वेदीवरची वस्तू उचलायची नाही, कुणाचा ढोल न विचारता वाजवायचा नाही, शेकोटीत कागदी कप फेकायचा नाही. शेकोटीभोवती लोक बहुधा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतात, तुम्हीही तसंच फिरा. शेकडो लोकांच्या विधीत जे एकत्वाचं भरतं येतं ते खरं असतं, फक्त दुसऱ्या सकाळी त्यातल्या कुणाचं नाव आपल्याला माहीत नसतं. म्हणून मोठ्या विधीनंतर लगेच तंबूत जाऊ नका, शेजारच्या कॅनोपीखाली दहा मिनिटं टेका.

तिसऱ्या दिवसाबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण ते कुठल्या माहितीपत्रकात नसतं. आमच्या तंबूत रडत येणारे नवखे सर्वांत जास्त तिसऱ्या दिवशी दुपारी येतात. कारणं फार गूढ नसतात. दोन रात्री ढोलांमुळे झोप नाही, दिवसभर ऊन, पाणी कमी, खाणं वेळी-अवेळी. त्यातच जुन्या मंडळींची पहिल्या दोन दिवसांची गळाभेट संपून ती आपापल्या टोळक्यांत स्थिरावलेली असतात, आणि नवख्याला वाटतं की दारं बंद झाली. आम्ही आधी ओआरएस देतो, पाय बघतो, गोचीड चिकटलेली आहे का तपासतो आणि सावलीत तासभर झोपायला सांगतो. बोलणं त्यानंतर. उठल्यावर निम्म्यांचं 'मला इथे कुणीच नाही' हे 'मला भूक लागलीय' इतपत खाली आलेलं असतं. उरलेल्या निम्म्यांचं दुखणं खरं असतं, आणि त्यांच्याशी मग नीट बोलता येतं. तेव्हा तिसऱ्या दिवशी दुपारी गाडीत सामान भरावंसं वाटलं तर भरू नका. झोपा, जेवा, आणि संध्याकाळी पुन्हा विचार करा. चौथ्या दिवशीही तसंच वाटलं तर खुशाल निघा, त्यात कमीपणा नाही. हा प्रकार सगळ्यांना मानवतो असं नाही.

आता त्यांच्यातली होण्याचा प्रश्न. इथे 'ते' कोण, हेच आधी पाहायला हवं. त्या माळावर विकन असतात, ड्रुइड (प्राचीन केल्टिक पुजाऱ्यांची परंपरा मानणारे) असतात, जर्मन-नॉर्स देवांना मानणारे हीदन असतात, ग्रीक देवतांचे उपासक असतात आणि कुठल्याच पाटीखाली न बसणारे तर सर्वांत जास्त. एकच दीक्षा, एकच ग्रंथ असं काही नाही. त्यामुळे 'मला दीक्षा नाही' ही अडचण तुम्ही समजता तेवढी नाही. कुणाकुणाच्या वेदीवर ग्रीक देवी हेकाटीशेजारी गणपती दिसेल, नॉर्स देव ओडिनच्या फळीवर काली दिसेल. तुम्हाला बघून लोक येतील आणि चक्रं, मंत्र, कालीची पूजा याबद्दल विचारतील. काहींचे उच्चार ऐकून दातओठ खावेसे वाटतील. माझा सल्ला असा की गुरूही होऊ नका आणि फौजदारही होऊ नका. आमच्या घरी असं करतात, एवढं सांगा. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. गोऱ्या माणसानं गणपतीला दूर्वा वाहिल्या म्हणून मला राग येत नाही, पण पैसे घेऊन 'प्राचीन भारतीय विद्या' शिकवणाऱ्याकडे मी बसत नाही. तुमची रेघ तुम्ही ओढा.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. आपल्याला अनेक देव मानणं नवं नाही, त्यासाठी कुणाशी भांडावं लागलेलं नाही. तिथल्या अनेकांना आई-वडील, चर्च, कधी कधी नोकरी गमावून इथवर यावं लागलंय. इंग्लंडमध्ये जादूटोण्याचा जुना कायदा 1951 मध्ये रद्द झाला, तेव्हा कुठे विकन लोक उघड बोलू लागले. अमेरिकेत मरण पावलेल्या विकन सैनिकाच्या सरकारी थडगेशिलेवर पंचकोनी ताऱ्याचं चिन्ह कोरायची परवानगी 2007 मध्ये मिळाली, तीही 'सर्कल सँक्चुअरी' आणि इतर मंडळी कोर्टात गेल्यावर. म्हणून तिथे लोक टोपणनावानं वावरतात. कुणाचं खरं नाव, कुठे काम करतो हे विचारू नका. फोटो तर न विचारता मुळीच काढू नका. आणि परत आल्यावर ऑफिसातला कुणी तिथे दिसला होता हे कुणाला सांगू नका. ही गुप्तता पाळणारा माणूस त्यांच्यात फार लवकर आपला होतो. आपल्या महाराष्ट्र मंडळात कोण कुणाचं कोण हे पाच मिनिटांत काढून घ्यायची जी सवय आहे, ती आठवडाभर घरी ठेवा.

एकट्या बाईसाठी म्हणून चार शब्द. काही कॅम्पांत कपडे घालणं ऐच्छिक असतं. पहिल्या दिवशी दचकायला होतं, दुसऱ्या दिवशी लक्षातही राहत नाही. तुम्ही पूर्ण कपड्यांत फिरलात तरी कुणी काही म्हणत नाही. मिठी मारण्याआधी विचारायची रीत आहे, आणि 'नको' म्हटल्यावर कारण द्यावं लागत नाही. 'तुझ्यात शक्ती आहे, माझ्या तंबूत ये, मी खास दीक्षा देतो' असं म्हणणारा एखादा प्रत्येक जत्रेत असतो. तिथून सरळ उठा आणि सुरक्षेचं काम बघणाऱ्या स्वयंसेवकांना सांगा. ते पट्टा किंवा वेगळा टी-शर्ट घालून फिरतात, रात्रीसुद्धा. तुमचा तंबू कुठे आहे हे शेजारच्या एका तरी माणसाला माहीत असू द्या. बऱ्याच माळांवर फोनला रेंज नसते, नवऱ्याला ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो दुसऱ्या दिवशी पोलिसांना फोन करेल.

कॅम्प संपल्यावरची गोष्ट लोक विसरतात. घरी येऊन आंघोळ केली, कपडे धुतले, की दोन-चार दिवस विचित्र उदासी येते. आठवड्यात जमलेल्या माणसांपैकी कुणाशी पुढे बोलायचं हे निघण्याआधी ठरवा, दोन-तीन माणसं पुरेत, आणि फोन नंबर कागदावर लिहून घ्या. मिशिगनमध्ये हिवाळ्यात 'कॉनव्होकेशन' नावाचं हॉटेलातलं संमेलन भरतं, तिथे तंबूतल्या शेजाऱ्यांची गाठ पडण्याची शक्यता चांगली आहे. शरद ऋतूत गावोगावी 'पेगन प्राइड डे' असतो, प्रवेशाला अन्नपेढीसाठी डबाबंद जिन्नस द्यायचे. आणि वेगवेगळ्या श्रद्धांच्या लोकांना सामावून घेणाऱ्या युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट चर्चांपैकी काहींत पेगन गट चालतात, तिथे महिन्यातून एकदा दहा-पंधरा माणसं जमतात. खरं सांगायचं तर उन्हाळ्यातल्या आठवड्यापेक्षा फेब्रुवारीतल्या बर्फात त्या दहा माणसांत जाऊन बसणं जास्त कामाचं ठरतं. पुढच्या जूनला मग तुम्ही एकट्या जाणार नाही.

राहता राहिली आई. आईला सांगा की मैत्रिणींबरोबर कॅम्पिंगला चाललेय. पहिल्या दिवसापर्यंत ते थोडं खोटं असेल. तिनं खोदून विचारलं तर सांगा की तिथे मोठ्या दिवसाचा सण करतात, होळी पेटवतात आणि देवीची पूजा करतात. माझ्या आईनं यावर फक्त एवढंच विचारलं होतं की सोवळ्यात करतात का.